कानावर पडलेलं वाक्य

नागपूर, ४ ऑगस्ट २०२५

चि. प्रेमिलास अनेक आशीर्वाद.

वर्षभर पत्र नाही आणि आता आलं ते कामाचं, असं म्हणून तू नाक मुरडशील. मुरड. चुलतभावानं तेवढं ऐकून घ्यायलाच हवं.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी नागपूर, उमरेड, कुही, भिवापूर या भागातल्या बोलीचा कोश करतो आहे, हे तुला ठाऊक आहे. आमची सात जणांची समिती, संपादक मी. 'क' या अक्षरात 'काडी करणे' इथे गाडी अडली आहे. समितीतले एक प्राध्यापक म्हणतात, अर्थ सोपा आहे, भांडण लावणे. मला ते पटत नाही. भांडण लावणारा निदान भांडणाच्या आसपास उभा असतो. काडी करणारा केव्हाच घरी जाऊन जेवायला बसलेला असतो.

आमचा एक नियम आहे आणि तो मीच घालून दिला आहे. वाक्य रचलेलं चालणार नाही, कानावर पडलेलंच हवं. मंडळी घरी बसून वाक्यं रचतात आणि ती वाचताना लगेच कळतं की असं कोणी बोलत नाही. म्हणून प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. त्यावर शब्द, अर्थ, वाक्य, ते कोण बोललं आणि कुठल्या प्रसंगी. तुझे कान फोनला दाद देत नाहीत, पण समोरचं बोलणं त्यातून सुटत नाही. सोबत दहा कोरी कार्डं पाठवतो. मागे समितीचा पत्ता छापला आहे, पण तू आपली माझ्याकडेच पाठव.

ऋतुजाला आशीर्वाद. अशी सून मिळायला नशीब लागतं.

तुझा
मनोहरभाऊ


उमरेड, १२ ऑगस्ट २०२५

ती. मनोहरभाऊंस प्रेमिलाचा नमस्कार.

नाक मुरडलं. आता कामाचं लिहिते.

चार कार्डं भरली आहेत. पहिलं भाजीबाजारातलं, एक बाई दुसरीला सांगत होती, "लय काड्या करते तो, त्याले घरात घेऊ नको वं." दुसरं नागपूरच्या बसमधलं, "चांगलं चाल्लं होतं पोरीचं, कोनं काडी केली काय मालूम." तिसरं बसस्टँडवरच्या टपरीचं. तिथे दोघांची जुंपली होती आणि तिसरा बाकावर बसून मजा बघत होता. टपरीवाला म्हणाला, "पाहा ना, काडी करून देल्ली अन् आता चहा पिऊन राहिला." हे मला सगळ्यात आवडलं.

चौथं माझं स्वतःचं. "रुखमानंच काडी केली." बोलणार मी, जागा माझं घर.

प्रसंगाचा रकाना लहान आहे म्हणून तो इथे लिहिते. तुम्हाला माहीत आहे, पण कोशवाल्यांना नाही. २०१९ साली नागपूरच्या एका प्रशिक्षण केंद्रात नव्या मुलींना करवतकाठी साडी शिकवायला विणकर बाई हवी होती. माझं नाव जवळजवळ पक्कं झालं होतं. करवतकाठ एकट्यानं होत नाही. काठाचा धोटा चालवायला शेजारी दुसरी बाई लागते, आणि बावीस वर्षं माझ्या मागावर ती जागा रुखमाबाईची होती. आम्ही दोघी जाणार होतो. मग कोणीतरी केंद्राच्या साहेबांच्या कानात माझ्या डोळ्यांबद्दल घातलं आणि नाव गेलं. साहेबांच्या टिपणाची एक ओळ माझ्याजवळ आहे. ती मी कोणाला दाखवली नाही, आताही लिहीत नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं मी गावात सांगितलं नव्हतं. साड्यांचं काम देणारे बिचकले असते. घराबाहेर माहीत होतं फक्त रुखमाला आणि तुम्हाला. ऑपरेशननंतर मी आठ दिवस तुमच्याच घरी होते, थेंब तुम्ही घालत होतात. तेव्हा उरली कोण? तुम्हीच त्या वेळी म्हणाला होतात, "मागावर तुझ्या शेजारी कोण बसते ते पाह्य." मी पाहिलं आणि तिला उठवलं. तेव्हापासून ती दोन घरं सोडून राहते आणि आमचं बोलणं नाही. मागावर चादर टाकली आहे.

आता हे सगळं त्या इवल्या रकान्यात कसं बसवायचं ते संपादकांनी बघावं.

प्रेमिला


नागपूर, २४ ऑगस्ट २०२५

चि. प्रेमिलास आशीर्वाद.

तुझी तीन कार्डं म्हणजे सोनं आहे. टपरीवाल्याचं वाक्य समितीत वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले. प्राध्यापकसुद्धा.

काल तान्हा पोळा होता, मारबतीची मिरवणूक बघायला गेलो होतो. पिवळ्या मारबतीचा पुतळा पुढे सरकला तशी गर्दीतली एक म्हातारी हात वर करून ओरडली, "काड्या करनाऱ्याले घेऊन जा गेऽ मारबत!" रोगराई, महागाई, पुढारी, सगळ्यांना घेऊन जा म्हणतात हे ऐकून होतो, काड्या करणाऱ्याचा नंबर पहिल्यांदाच लागला. तिथेच भिंतीला टेकून कार्ड लिहिलं. कोणी धक्का दिला आणि शाई फिसकटली, पण वाक्य वाचलं.

चौथं कार्ड मात्र घेता येणार नाही. त्यात जिवंत माणसाचं नाव आहे. नाव काढून 'शेजारणीनं' असं घालू या का? खरं तर ते वाक्य गाळलंच तर बरं. सहा वर्षांपूर्वीच्या गोष्टी कशाला उकरतेस? त्या केंद्राचं पुढे काय झालं हेही आता कोणाला माहीत नाही.

अर्थाबद्दल मात्र एक शंका आहे आणि ती मला झोपू देत नाही. माणूस जे बोलला ते खरं असेल, काळजीपोटी असेल, आणि विचारलं म्हणूनच बोलला असेल, तर त्याला काडी म्हणायचं का? माझं मत, नाही. तशी टीप मी शब्दाखाली देणार आहे. तुला काय वाटतं?

मनोहरभाऊ


उमरेड, २९ ऑगस्ट २०२५

ती. मनोहरभाऊंस नमस्कार.

तुमच्या शंकेचं नंतर बघू. आधी माझी ऐका.

रुखमा आजारी आहे. लिव्हर गेलं म्हणतात. नागपूरहून परत पाठवलं, आता घरीच ठेवा म्हणाले. काल तिचे मालक बाबाराव दारात आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. आत आले नाहीत, पायरीवरूनच बोलले, "रुखमा बलावून राहिली तुमाले. एक डाव येऊन जा." ते गेले.

तेव्हापासून मला काही सुचत नाही. जावं असं वाटतं. मग वाटतं, काय म्हणून जायचं? तिनं कबूल केलं तर मरणाऱ्या बाईला मी काय बोलणार? आणि नाही म्हणाली तर खोटारडी म्हणून परत यायचं का? बावीस वर्षं माझ्या मागावर बसलेली बाई आहे ती, भाऊ. माझ्या पोटात दुखलं तर तिच्या हातातला धोटा थांबायचा. तिनंच असं करावं याचाच राग आहे. परकीनं केलं असतं तर मी केव्हाच विसरले असते.

घरात शिकलेले आणि वडील तुम्ही एकटे उरलात. तुम्ही सांगाल तसं करीन. जा म्हणालात तर जाईन. पत्राला वेळ लागत असेल तर ऋतुजाच्या फोनवर एक शब्द सांगा, ती मला कानाशी ओरडून सांगेल. पण लवकर सांगा.

तुमच्या शंकेबद्दल एवढंच. खरं बोललेलं काडी होत नाही म्हणता, तर तसं एक वाक्य द्या. रचलेलं नको. नियम तुमचाच आहे.

प्रेमिला


नागपूर, १९ सप्टेंबर २०२५

चि. प्रेमिलास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. मुद्रितं आली होती आणि 'क' हे अक्षर लवकर संपत नाही. फोन करायचं दोनदा मनात आलं, पण अशा गोष्टी सुनेच्या तोंडून सांगायच्या नसतात.

रुखमाबाईंकडे जावं की नाही हे मी कसं सांगणार? हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. गेलीस तर वाईट नाही. नाही गेलीस तरी तुला कोणी बोल लावणार नाही. आजारी माणसाला जुन्या गोष्टींचा त्रास होतो, हेही लक्षात घे. एकंदरीत, शांतपणे विचार कर.

आता तू मागितलेलं वाक्य. नियम माझाच, म्हणून रचलेलं देत नाही, कानावर पडलेलंच देतो. एका एसटी ड्रायव्हरबद्दल त्याच्या नातेवाइकाकडे चौकशी झाली. नातेवाईक म्हणाला, "हात चांगला आहे, डोळे तेवढे तपासून घ्या." बस, एवढंच. यात खोटं काय आहे? हात चांगला म्हटलंच की. डोळे तपासल्यानं कोणाचं वाईट होतं? चौकशी करणाऱ्यांनी डोळे तपासलेच नाहीत आणि सरळ नाव कापलं, तर तो दोष बोलणाऱ्याचा कसा? मी टिपेत असं लिहिलं आहे : 'हेतू शुद्ध असल्यास हा शब्द लागू होत नाही.' वाचून बघ आणि पटलं तर कळव.

मनोहरभाऊ


उमरेड, २८ सप्टेंबर २०२५

मनोहरभाऊ,

रुखमा ११ सप्टेंबरला गेली. मी गेले नव्हते. तुमच्या उत्तराची वाट बघत होते. रोज पोस्टमनच्या वेळी दारात बसायचे आणि रोज तिच्या घरावरून नजर वळवायचे.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी तिची तेरवी होती. ऋतुजा स्वयंपाकाला हात लावायला गेली होती, मी घरी एकटी होते. ड्रायव्हरचं वाक्य वाचलं आणि उठून पेटीतला कागद काढला. सहा वर्षांपूर्वी केंद्रानं मला नकार कळवला, त्यासोबत साहेबांच्या चौकशी टिपणाची नक्कल जोडली होती. जी ओळ मी तुम्हाला लिहायला धजले नव्हते ती ही : 'हात चांगला आहे, डोळे तेवढे तपासून घ्यावेत, असे निकटच्या माहितगाराकडून समजले.'

दोन्ही कागद मांडीवर शेजारी ठेवले. शब्दाला शब्द लावून पाहिला.

ड्रायव्हर कोणी नव्हता, भाऊ. माझ्या डोळ्यांत तुम्ही स्वतः थेंब घातले. पट्टी काढली तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्यासमोर म्हणाले : आता सुईत दोरा ओवा. घरी येऊन मी तो ओवलाही, तुमच्या सदऱ्याचं बटण लावलं. ते बटण लावून घेतल्यावर तुम्ही त्या साहेबांना सांगितलंत की डोळे तपासून घ्या. आणि मी रडत आले तेव्हा शेजारी कोण बसते ते पाह्य म्हणालात.

दोन्ही कागद घेऊन मी बाबारावांकडे गेले. पंगत उठली होती. त्यांना वाचून दाखवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आता काय उपेग वं बाई. ते रोज इचारे, प्रेमिला आली का. मी सांगो, येऊन राहिली." मी विचारलं, तिला माझ्याशी काय बोलायचं होतं? म्हणाले, "काही नाही. मले म्हने, माहा दोष नोता, पन तिनं मले इचारलंच नाही. एक डाव इचाराले पाह्यजे होतं."

विचारलं नाही, हे माझं पाप. ते माझ्याकडेच राहील, तुम्हाला त्यातला वाटा देत नाही. पण २९ ऑगस्टचं माझं पत्र तुमच्या हातात होतं. ती जिवंत होती. 'जा' एवढाच शब्द हवा होता.

प्रेमिला


नागपूर, ८ ऑक्टोबर २०२५

प्रिय प्रेमिला,

आठवडा झाला, तुझं पत्र टेबलावर आहे. बचाव करत नाही. फक्त कसं झालं ते सांगतो.

लहानपणी काकांच्या, तुझ्या वडिलांच्या, मागावर आधी मी बसत होतो हे तुला आठवत नसेल. तू लहान होतीस. मी विणलेलं तीन हात कापड त्यांनी सर्वांसमोर कापून टाकलं आणि म्हणाले, "तुह्या हातात सूत नाही, तू शाळेत जा." मी गेलो. मास्तर झालो, पुस्तकं लिहिली. लोक म्हणाले, मनोहर शिकला. पण घरात कोणी म्हणालं नाही. घरात तुझ्याच हाताचं कौतुक चालायचं.

मग २०१९ साली केंद्राचे ते साहेब माझ्याकडे आले. मला वाटलं, कोशाबद्दल विचारायला आले. ते म्हणाले, "प्रेमिलाताई तुमच्याच नात्यात ना? अशी बोटं आम्ही कुठे पाहिली नाहीत." अर्धा तास ते तुझ्या बोटांबद्दल बोलत होते. माझ्या भिंतीवरच्या मानपत्राकडे त्यांनी बघितलंही नाही. जाताना विचारलं, काही अडचण तर नाही ना? आणि ते वाक्य माझ्या तोंडून गेलं. खोटं एक अक्षर नव्हतं, असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आलो. रुखमाबाईंचं तर मी नावही घेतलं नव्हतं. ते तू घेतलंस.

तुझं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा मला कळत होतं. तू गेली असतीस तर तुम्ही दोघी बोलला असतात, आणि तिनं नाही म्हटल्यावर उरणार कोण, हे तुलाही कळलं असतं. म्हणून थांबलो. हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

एक विनंती आहे. कोश डिसेंबरात छापायला जाईल. 'काडी' हा शब्दच मी वगळावा म्हणतो. एका शब्दानं कोशाचं काही अडत नाही. हे पत्र वाचून फाडून टाक. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे.

मनोहर


उमरेड, १६ ऑक्टोबर २०२५

मनोहरभाऊ,

तीन हात कापड मला आठवतं. बाबांनी ते कापलं तेव्हा मी दाराआड होते आणि मला तुमची दया आली होती. पुढे पन्नास वर्षं मी तुम्हाला पाया पडून नमस्कार केला तो त्या दयेपोटी नव्हता, तुम्ही शिकलात म्हणून होता. घरात कोणी म्हणालं नाही म्हणता. मी म्हणत होते. तुमच्या कानावर पडलं नसेल.

पत्र फाडलेलं नाही. पेटीत त्या नकलेवर ठेवलं आहे.

शब्द वगळू नका. तो वगळल्यानं काड्या करणारे थांबणार नाहीत, फक्त ज्यांचं नुकसान झालं त्यांना त्याला काय म्हणायचं ते कळणार नाही. तुमची टीप मात्र काढा. हेतू शुद्ध होता की नाही हे करणाऱ्यानं लिहायचं नसतं.

माग उघडला आहे. काठाच्या जागी बसायला कोणी नाही, म्हणून साधं धोतर विणते. त्याला दुसरा हात लागत नाही. रुखमाचा धोटा बाबारावांनी आणून दिला, तो तिच्या जागेवर ठेवला आहे. डोळ्यांचं म्हणाल तर मला अजून एकेक सूत सुटं दिसतं.

तुमच्या कोऱ्या कार्डांपैकी सहा उरली होती. त्यातलं एक भरलं आहे. ते असं :

शब्द : काडी करणे.
अर्थ : खोटं न बोलता आणि समोर न येता आपल्याच माणसाचं वाटोळं करणे, व त्याचा आळ दुसऱ्यावर जाऊ देणे.
वाक्य : "हात चांगला आहे, डोळे तेवढे तपासून घ्या."
कोण बोललं : मनोहरराव बारापात्रे, नागपूर.
प्रसंग : विणकर प्रेमिला निमजे हिची चौकशी, २०१९. यात रुखमाबाईंचा दोष नव्हता.

वाक्य रचलेलं नाही. साहेबांच्या कानावर पडलेलं आहे, आणि ते बोलणाऱ्यानंच पाठवलं आहे. जिवंत माणसाचं नाव चालत नाही हे मला माहीत आहे. छापायचं की नाही ते समितीच्या सात जणांनी मिळून ठरवावं, म्हणून कार्डाच्या मागे छापलेल्या पत्त्यावर ते आज टपालात टाकते आहे. हे पत्र मात्र मी कार्डाच्या चार दिवस आधी ऋतुजाच्या हाती तुमच्या घरी पाठवणार होते, तुम्हाला पळवाट मिळावी म्हणून. मग विचार बदलला. दोन्ही एकाच टपालपेटीत, एकाच दिवशी टाकते.

तुम्हाला सांगून पाठवते आहे, भाऊ. तेव्हा ही काडी होत नाही.

प्रेमिला